बॅराक्लफांची नामावळी

क्रॅगशॉ गावात डोळे मिटून दगड भिरकावला, तर तो कुठल्या ना कुठल्या बॅराक्लफलाच लागणार. नाहीच लागला, तर बॅराक्लफच्या मेंढीला लागेल. गिरणीचा मालक बॅराक्लफ, गिरणीत राबणारे बॅराक्लफ, चॅपलमध्ये बाजा वाजवणारा बॅराक्लफ आणि घरी जाताना त्या बाजाला नावे ठेवणारेही बॅराक्लफच. असल्या गावात आडनाव घेऊन करायचे काय? रस्त्यात उभे राहून ‘मिस्टर बॅराक्लफ’ अशी हाक मारली, तर अर्धी आळी ओ देईल आणि उरलेली अर्धी खिडकीतून डोकावेल. म्हणून गावाने आडनाव ठेवणीतल्या कपड्यांसारखे पेटीत घालून ठेवले होते. एरवी माणसाला त्याच्या माणसावरून किंवा जागेवरून ओळखायचे. टॉमचा जो, जोचा विल्फ, चॅपलचा एनॉक. पोस्टमनसुद्धा पाकिटावरचे आडनाव वाचायच्या भानगडीत पडत नसे.

पेटीतले हे आडनाव वर्षातून एकदाच बाहेर निघे, ते ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या व्हिट सोमवारच्या सुट्टीला. त्या दिवशी गावच्या मैदानावर बॅराक्लफ विरुद्ध ‘बाकीचे’ असा क्रिकेटचा सामना होई. बाकीचे म्हणजे हेन्सवर्थ, पिकल्स, मिजली वगैरे, ज्यांना देवाने बॅराक्लफ केले नाही ते. नियम एकच, पण कडक. एका बाजूला अकराच्या अकरा बॅराक्लफ हवेत. एक जरी कमी पडला, तर सामना झालाच नाही असे धरून बक्षिसाची तांब्याची किटली बाकीच्यांनी न्यायची. किटलीला बुडाशी भोक होते, पण तिच्यासाठी माणसांच्या हाडांची काडे झाली होती.

आणि पहिला चेंडू पडण्याआधी व्हायची ती नामावळी. बॅराक्लफांतला सर्वांत वयस्क खेळाडू मैदानाच्या मध्ये टोपी काढून उभा राहायचा आणि या आडनावाने जगात काय काय दिवे लावले ते मोठ्याने सांगायचा. प्रत्येक नावाला बॅराक्लफ ओरडायचे, “आमचा!” आणि बाकीचे उलट ओरडायचे, “ठेवा तुमच्यापाशीच!”

यंदा तो मान केझियाच्या एमॉसचा होता.

एमॉस गावचा कोळसेवाला. बुटका, रुंद, आणि जन्मभर पोती उचलून उचलून हात गुडघ्यापर्यंत आलेले. यष्टिरक्षणाला याहून चांगला माणूस देवालाही घडवता आला नसता. एकोणिसाव्या वर्षी तो पहिल्यांदा बॅराक्लफांकडून उभा राहिला आणि आता त्याची साठी उलटली होती. लग्न केले नव्हते. धुणी धुणारी केझिया, जिने त्याला वाढवले, ती जाऊनही बरीच वर्षे झाली होती. घरात तो आणि तबेल्यात त्याचा घोडा ड्यूक. व्हिट सोमवार हा त्याचा नाताळही होता आणि वाढदिवसही. नामावळी त्याने मार्चपासूनच घोकायला घेतली होती. गाडीवर बसून तो म्हणायचा, “बिशप ओबेडाया बॅराक्लफ!” आणि ड्यूक कान हलवायचा. पुढेपुढे तर असे झाले की नाव ऐकल्याशिवाय ड्यूक चढ चढेना.

एवढा मान मिळणार म्हटल्यावर माणसाने कोळशाच्या कोटात उभे राहायचे का? एमॉस गुपचूप हॅलिफॅक्सला गेला आणि एका शिंप्याच्या दुकानात निळ्या ब्लेझरचे माप देऊन आला. सगळा घोटाळा झाला तो या हौसेपायी.

शनिवारी दुपारी ‘काळा मेंढा’ पबात मंडळी बसली होती. दोन्ही बाजूंची, कारण सामन्याआधी एकमेकांना डिवचल्याशिवाय बिअर उतरत नसे. बाकीच्यांचा कर्णधार पर्सी हेन्सवर्थ, धंद्याने खाटिक, स्वभावाने कोंबडा, डुकराचे मांस भरलेली पाई खात खात सांगत होता की यंदा किटली त्याच्या दुकानाच्या काचेत झळकणार. एवढ्यात दार ढकलून एक अनोळखी गाडीवान आत आला. बगलेत खोके.

“इथं टॉर्डॉफ कुठं राहतात?” त्याने विचारले.

“कोण?”

“टॉर्डॉफ. वरच्या आळीत बघितलं, खालच्या आळीत बघितलं. एका म्हातारीनं तर मला अंगणातून हाकलून लावलं.”

“क्रॅगशॉमध्ये टॉर्डॉफ नाही गड्या,” एनॉक म्हणाला. हा बॅराक्लफांचा कर्णधार. दुकानांच्या पाट्या रंगवणारा, उंच, काटकुळा, आणि नियमाच्या बाबतीत घड्याळालाही वेळ शिकवणारा. “मी जन्मापासून इथं आहे. असलं नाव मी या गावात ऐकलेलं नाही.”

“ब्रॅडफर्डकडचं वाटतं,” पर्सी म्हणाला. “तिकडं ठेवतात असली नावं.”

गाडीवानाने कोपऱ्यातल्या एमॉसकडे पाहिले. “बाबा, तुम्ही कोळसा घालता ना दारोदार? तुम्हाला तरी ठाऊक असेल.”

एमॉसने बिअरचा पेला खाली ठेवला, डोके खाजवले आणि अगदी मनापासून विचार केला. वरची आळी, खालची आळी, गिरणीमागची घरे, घरोघरची कोळसा ओतायची सगळी भोके त्याने मनातल्या मनात फिरून पाहिली. “नाही बाबा,” तो म्हणाला. “टॉर्डॉफ म्हणून कोणी नाही आपल्याकडं.”

“कमाल आहे!” गाडीवान वैतागला. “आता हे ब्लेझर परत घेऊन जाऊ? निळं आहे. छाती ही एवढी, उंची ही एवढी, आणि बाह्या बघा, माकडाच्या मापाच्या.”

पबातली एकेक मान वळली. एमॉसचे हात टेबलावरून खाली लोंबत होते. त्याने ते हळूच मांडीखाली घेतले, पण मांडीखाली तरी किती मावणार?

“अरे देवा,” एमॉस म्हणाला. “टॉर्डॉफ म्हणजे मीच की!”

खोटे नाही सांगत, त्याला ते खरोखरच आठवत नव्हते. शिंप्याच्या दुकानात त्याने ‘केझियाचा एमॉस, क्रॅगशॉ’ एवढेच सांगितले होते. तिथला पोरगा हसला आणि नाव लिहिलेला काहीतरी कागद मागू लागला. एमॉसने खिशातला कोळशाच्या गाडीचा परवाना काढून दिला, वाचूनसुद्धा पाहिला नाही. त्याचे आईबाप कुठूनतरी गिरणीत कामाला आले होते आणि एकाच तापात दोघेही गेले. तो तेव्हा चार वर्षांचा. शेजारची केझिया बॅराक्लफ धुण्याच्या टोपलीबरोबर त्यालाही उचलून घरी घेऊन गेली. बस्स, त्या दिवसापासून तो केझियाचा एमॉस. पुढे एका व्हिट सोमवारी बॅराक्लफांना एक गडी कमी पडला, तेव्हाचा कर्णधार कुंपणाकडे बघून ओरडला, “ए केझियाच्या एमॉस, ये रे आत!” आणि तो आत गेला. आडनाव कोणी विचारले नाही, त्याने सांगितले नाही.

पर्सीला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्याने हातातली पाई खाली ठेवली, म्हणजे बघा. “एनॉक! टॉर्डॉफ म्हणजे कोण? टॉर्डॉफ म्हणजे बाकीचा! तुझ्याकडं उरले दहा! किटली पुसून ठेव रे बाबा!”

खरेच दहा उरले होते. तरणी पोरे लीड्सला गेली, कॅनडाला गेली, आणि यंदा एनॉकने कशीबशी मोट बांधून अकरा जमवले होते. त्यातल्या एकाला चष्म्याशिवाय चेंडू दिसत नव्हता आणि चष्म्यासकट पळता येत नव्हते.

एनॉकचा चेहरा त्याच्या पाटीच्या पांढऱ्या रंगासारखा झाला. “एमॉस,” तो म्हणाला, “तू इतकी वर्षं आमच्यात खेळलास. तेव्हा माहीत होतं का तुला?”

“आधी माहीत होतं,” एमॉस म्हणाला. “मग विसरलो.”

“नियम म्हणजे नियम,” एनॉक पुटपुटला आणि उठून गेला. त्याने आपली बिअर अर्धी टाकली होती. क्रॅगशॉमध्ये असे कोणी मेल्यावरच होते.

एमॉस खोके घेऊन घरी आला. ब्लेझर अंगात घालून आरशापुढे उभा राहिला. इतके सुरेख कापड त्याच्या अंगाला आजवर लागले नव्हते आणि आता ते घालून उभे राहायला जागा उरली नव्हती. त्याला रडू येत होते आणि साठी उलटलेल्या कोळसेवाल्याने रडावे की नाही हे ठाऊक नसल्यामुळे तो तबेल्यात गेला. ड्यूकने कान टवकारले आणि तो नामावळीची वाट पाहत उभा राहिला. एमॉसच्या तोंडून बिशपसुद्धा निघेना.

रविवारी चॅपल सुटल्यावर तो मैदानावरच्या लाकडी खोपटात गेला. यष्टिरक्षकाचे हातमोजे संघाचे होते, ते परत करायला. आत एनॉकची बायको आयव्ही दुसऱ्या दिवशीच्या चहाची तयारी करत होती. दोन पातेली, पावांचा डोंगर आणि हॅमचा अख्खा तुकडा. आयव्ही अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून भरलेली. एका बाजूला एनॉक आणि त्याचा संघ तोंडे पाडून बसला होता. पर्सी किटली कुठल्या खिळ्याला टांगलेली आहे ते बघायला म्हणून आला होता.

“हातमोजे आणलेत,” एमॉस म्हणाला.

“ठेव तिथं, आणि हात धुऊन ये,” आयव्ही म्हणाली. “पावांना लोणी लाव. रडक्या तोंडानंही लोणी लावता येतं.”

एमॉस मुकाट्याने लोणी लावायला बसला. आपल्याच भानगडीची बैठक आपल्यासमोर भरलेली आणि आपण लोणी लावतोय, असा प्रसंग त्याच्यावर कधी आला नव्हता.

“उपाय नाही,” एनॉक म्हणत होता. “एमॉस चांगला आहे. माझ्या भावापेक्षा जवळचा आहे. पण आडनाव ते आडनाव. ज्याचं जन्माचं बॅराक्लफ नाही तो बॅराक्लफ नाही.”

“जन्माचं?” आयव्हीने सुरी खाली ठेवली. “परत एकदा सांग.”

“जन्माचं.”

आयव्हीने ओले फडके उचलले आणि भिंतीवरच्या पाटीकडे निघाली. ती पाटी म्हणजे एनॉकचा जीव की प्राण. काळ्या लाकडावर सोनेरी अक्षरांत, त्याने स्वतःच्या हाताने रंगवलेली, बॅराक्लफांची नामावळी.

“बिशप ओबेडाया बॅराक्लफ,” ती वाचू लागली. “स्वतःच्याच प्रवचनात झोपी गेलेला. याची आई विधवा होती, हा पोटात असताना तिनं बॅराक्लफशी दुसरं लग्न लावलं. जन्माचा कोण? जन्माचा मिजली. पुसू?”

“आयव्ही!” एनॉक किंचाळला.

“इंग्लिश खाडी पोहणारी लॅव्हिनिया बॅराक्लफ. फ्रान्स दिसायला लागल्यावर हिला बोटीत ओढली, पण ते जाऊ दे. हिचं माहेरचं आडनाव पिकअप. लग्नानंतर पोहायला शिकली, आणि का शिकली ते तिच्या नवऱ्याला बघितलेल्या बायकांना विचार. पुसू?”

“फडकं खाली ठेव!”

“मुष्टियोद्धा लोखंडी जॉस. चॅपलच्या पायरीवर मासळीच्या टोपलीत सापडला. याचं जन्माचं आडनाव फक्त त्या माशांना ठाऊक. मादाम बॅराक्लफ, लंडनच्या रंगमंचावर गायली. खरं नाव एथेल बग. घरमालकिणीचं आडनाव ऐटदार वाटलं म्हणून उचललं. हे सगळं तुला माहीत नाही एनॉक? पुरुषांना नुसतं आडनाव दिसतं. अंत्ययात्रेनंतर चहा ओततो आम्ही, आम्हाला प्रत्येकाचं मूळ माहीत असतं.”

फडके पाटीपासून वीतभर अंतरावर हलत होते. एनॉकचे डोळे त्याबरोबर डावीकडून उजवीकडे जात होते.

“आता जन्माचे राहिले किती ते बघ,” आयव्ही म्हणाली. “दोन. एक क्लेमेंट, ज्यानं मोजे विणायचं यंत्र काढलं आणि प्रत्येक मोज्याला दोन टाचा आल्या. आणि दुसरा सायलस, ज्याला मेंढ्या चोरल्या म्हणून ऑस्ट्रेलियाला धाडला. वा! काय रक्त! उद्या एवढीच दोन नावं घ्या आणि खेळा.”

बसलेल्यांपैकी कोणीतरी फिस्सकन हसले. एनॉकने तिकडे पाहिले, तसे ते खोकल्यात बदलले.

“ते सगळं ठीक आहे ताई,” पर्सी मध्ये पडला. आयव्ही त्याची थोरली बहीण. तीही जन्माची हेन्सवर्थच. “पण त्या सगळ्यांच्या कागदावर बॅराक्लफ तरी होतं. एमॉसच्या कागदावर टॉर्डॉफ आहे. कागदावर अकरा हवेत की नको?”

“हवेत ना,” आयव्ही गोड आवाजात म्हणाली, आणि तिचा आवाज गोड झाला की कुत्रीसुद्धा टेबलाखाली जात. “माझ्या कागदावर काय आहे, पर्सी?”

“तुझ्या?”

“आयव्ही बॅराक्लफ. चॅपलच्या वहीत, सही शिक्क्यानिशी. दहा हे आणि अकरावी मी. नियमात विजारीचा उल्लेख कुठं आहे का, एनॉक?”

एनॉकने नियम मनात वरून खाली वाचले. “नाही,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात भीती होती, पण भीतीच्या मागे काहीतरी उजळल्यासारखेही वाटले.

पर्सीच्या तोंडचे पाणी पळाले. लहानपणी मागच्या अंगणात, कोळशाच्या खोलीचे दार हाच स्टंप धरून, आयव्हीने त्याला रोज बाद केले होते. तिचा चेंडू आधी नाकाकडे यायचा आणि नाक वाचवावे तर दारावर धाडकन आदळायचा. आता भरल्या मैदानात, गिऱ्हाइकांसमोर, बहिणीच्या हातून त्रिफळा? त्यानंतर दुकानात मांस कोण मागेल आणि कोण नुसते हसायला येईल?

“हे बघा,” तो घाम पुसत म्हणाला, “आपण इतकं कागदाला धरून बसायचं का? गाव एक, माणसं एक. एमॉस काय आजचा आहे? केझियाच्या घरात वाढलेला माणूस बॅराक्लफ नाही तर काय मी आहे? एनॉक, तू बोल की! तुझा माणूस आहे, तूच दगडासारखा बसलायस!”

“म्हणजे बाकीच्यांची हरकत नाही?” आयव्हीने विचारले.

“नाही! लेखी देऊ?”

“कागद नको म्हणालास ना आत्ता,” आयव्ही म्हणाली आणि फडके पातेल्यात टाकले.

एनॉक उठला. पाटीजवळ जाऊन त्याने लॅव्हिनियाच्या नावावर पडलेला पाण्याचा एक थेंब बाहीने टिपला. मग वळला आणि टेबलावरचे हातमोजे उचलून एमॉसच्या लोण्याने माखलेल्या हातांत कोंबले.

“पाठ आहे का?” त्याने विचारले.

“माझं जाऊ दे,” एमॉस म्हणाला. “माझ्या घोड्यालाही पाठ आहे.”

व्हिट सोमवारी ऊन पडले. क्रॅगशॉमध्ये त्या दिवशी ऊन पडणे हीच मुळात बातमी. अख्खे गाव कुंपणाला लागले होते. बायकांनी टोप्या घातल्या होत्या, गिरणीच्या बँडने एक धून वाजवली आणि तीच पुन्हा वाजवली, कारण दुसरी बसलेली नव्हती. ड्यूकला धुऊन आणून कुंपणाशी बांधला होता.

एमॉस मैदानाच्या मध्ये आला. निळे ब्लेझर, चकचकीत बटणे. बाह्या मात्र तरीही आखूडच पडल्या होत्या. माकडाच्या मापाच्या बाह्यांनासुद्धा त्याने हरवले होते. त्याने टोपी काढली.

“बिशप ओबेडाया बॅराक्लफ, प्रवचनात झोपला!”

“आमचा!” दहा जण गरजले.

“ठेवा तुमच्यापाशीच!” बाकीचे ओरडले.

“लॅव्हिनिया बॅराक्लफ, फ्रान्स जिला दिसला!”

“आमची!”

“ठेवा तुमच्यापाशीच!”

जॉस झाला, मादाम झाली, दोन टाचांचा क्लेमेंट झाला. मेंढीचोर सायलसला नेहमीप्रमाणे सर्वांत मोठा गजर मिळाला. इथे नामावळी संपायची आणि म्हणणाऱ्याने टोपी घालायची. एमॉसने टोपी घातली नाही. ती त्याच्या हातात गोल गोल फिरत राहिली. एनॉकला वाटले, हा विसरला, आणि त्याने ओठ हलवून “संपलं, संपलं” असे खुणावले.

“अजून एक आहे,” एमॉस म्हणाला. त्याने आवाज दारोदार कोळशाची हाळी घालायचा तसा मोठा केला. “केझिया बॅराक्लफ. खालच्या आळीत धुणी धुवायची. एक पोर रडत होतं, ते तिनं टोपलीत घालून घरी नेलं. आडनाव विचारलं नाही.”

मग एनॉकने आपली टोपी काढली आणि तो ओरडला, इतका की त्याच्या मानेच्या शिरा दिसल्या.

“आमची!”

“आमची!” संघातल्या उरलेल्या नऊ जणांनी आवाज मिळवला.

आता पाळी बाकीच्यांची होती. पर्सीने तोंड उघडले. पण या केझियाने खालच्या आळीतल्या प्रत्येक घरात बाळंतपणे केली होती, हे त्याच क्षणी त्याला आठवले असावे. हेन्सवर्थांची, पिकल्सांची, मिजलींची, सगळ्यांचीच पोरे पहिल्यांदा तिच्या हातांत रडली होती आणि पर्सी तर उलटा आला होता. त्याने तोंड मिटले. डोक्यावरची टोपी काढली. त्याच्या मागे एकेक करून साऱ्या बाकीच्यांनी टोप्या काढल्या.

“आमचीसुद्धा,” पर्सी म्हणाला.

कुंपणाशी कोणीतरी नाक शिंकरले. ती आयव्ही होती, पण तिने नंतर ते कबूल केले नाही.

मग एमॉसने ब्लेझर काढून ड्यूकच्या पाठीवर टाकले, हातमोजे चढवले आणि स्टंपांमागे जाऊन बसला. दुसऱ्याच चेंडूला पर्सीच्या बॅटची कड लागली. इतका सोपा झेल की चॅपलच्या बाजेवाल्यानेही घेतला असता. चेंडू सरळ एमॉसच्या हातमोज्यांत आला आणि तिथून सरळ गवतात गेला, कारण त्याला डोळ्यांतल्या पाण्यातून दोन चेंडू दिसले आणि त्याने नेमका दुसरा धरला.

गोलंदाजाने त्याच्याकडे पाहिले. पहिल्या स्लिपमध्ये उभ्या असलेल्या एनॉकने त्याच्याकडे पाहिले. झेल सोडणाऱ्याला बॅराक्लफ काय काय म्हणतात ते इथे छापता येण्यासारखे नाही.

“असू दे रे,” एनॉक म्हणाला. “केझियाचाच आहे.”